मासूमे एब्तेकार : राजवटीच्या आत राहून केलेल्या राजकारणाचे मोल काय?

पश्चिमवारा (धागाकर्ता)

मासूमे एब्तेकार यांच्या कारकिर्दीविषयी गेले काही महिने सवडीने वाचत आहे. जितके वाचावे तितका गुंता वाढतो आहे, म्हणून हा धागा काढला.

ज्यांना नाव परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जन्म १९६०चा, तेहरानमधला. वडील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात शिकत असल्याने बालपणाची काही वर्षे फिलाडेल्फियाच्या परिसरात गेली आणि इंग्रजी अस्सल अमेरिकन वळणाचे झाले. शहाची सत्ता उलथवणाऱ्या इस्लामी क्रांतीनंतर काही महिन्यांनी, ४ नोव्हेंबर १९७९ रोजी, क्रांतीच्या समर्थक विद्यार्थ्यांनी तेहरानमधील अमेरिकी दूतावास ताब्यात घेतला, तेव्हा त्यांना जगाशी बोलायला असे इंग्रजी येणारे माणूस हवे होते. ते काम एकोणीस वर्षांच्या एब्तेकारांकडे आले आणि अमेरिकी टीव्हीच्या प्रेक्षकांना त्या 'मेरी' या नावाने माहीत झाल्या. बावन्न ओलीस ४४४ दिवसांनी सुटले. पुढे त्यांनी रोगप्रतिकारशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. १९९७ साली राष्ट्राध्यक्ष खातमींनी त्यांना उपराष्ट्राध्यक्ष करून पर्यावरण खाते सोपवले. या पदावर आलेल्या त्या इराणमधील पहिल्याच स्त्री. तिथे त्या २००५पर्यंत होत्या. मग तेहरानच्या नगरपरिषदेत सहा वर्षे, २०१३पासून राष्ट्राध्यक्ष रूहानींच्या सरकारात पुन्हा पर्यावरण, आणि २०१७ ते २०२१ महिला व कुटुंब खात्याच्या उपराष्ट्राध्यक्ष.

म्हणजे सोळा वर्षे मंत्रिमंडळाच्या टेबलाशी. माझे प्रश्न दोन आहेत. ज्या व्यक्तीने ओलीस प्रकरणाचे जगापुढे समर्थन केले तिला सुधारणावादी म्हणावे का, आणि म्हणायचेच तर या सोळा वर्षांत इराणी स्त्रियांच्या आणि एकूण जनतेच्या पदरात नेमके काय पडले?

एक विनंती आहे. शहा कसा होता आणि १९५३ साली पंतप्रधान मोसादेघ यांना कोणी पाडले, यासाठी या संस्थळावर पुरेसे धागे आहेत.

---

त्र्यंबक_वाडीकर

मोसादेघ वर्ज्य केल्यामुळे अर्ध्या प्रतिसादकांना आज सक्तीची रजा मिळाली आहे, हे धागाकर्त्यांनी ध्यानात घ्यावे.

---

मध्यमा

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके अवघड नाही, कारण एब्तेकार यात एकट्या नाहीत. दूतावास ताब्यात घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे पुढारी पाहा. अब्बास अब्दी, मोहसिन मीरदामादी आणि इब्राहिम असगरजादे हे तिघेही पुढे सुधारणावादी गटाचे ठळक चेहरे झाले. मीरदामादी सहाव्या मजलिसमध्ये (इराणच्या संसदेत) परराष्ट्र धोरण समितीचे अध्यक्ष होते आणि २००९च्या निवडणुकीनंतर तुरुंगात गेले. अब्दी यांनी १९९८ साली पॅरिसमध्ये बॅरी रोझेन या पूर्वीच्या ओलिसाची जाहीर भेट घेतली.

ही मंडळी क्रांतीच्या डाव्या इस्लामी गटातली होती. क्रांतीचे नेते खोमेनी यांच्या मृत्यूनंतर १९९२च्या मजलिस निवडणुकीत हा गट जवळपास बाहेर फेकला गेला आणि सत्तेबाहेरच्या त्या पाच वर्षांत त्यांच्या भाषेत 'कायद्याचे राज्य' आणि 'नागरी समाज' हे शब्द आले. १९९७चा खातमींचा विजय ही त्या गटाची परतफेड होती. एब्तेकार त्याच लाटेवर वर आल्या. फरक एवढाच की आठवणींचे त्यांचे पुस्तक २००० साली इंग्रजीत प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांचे सहकारी जुन्या कृत्याकडे बऱ्यापैकी टीकेने पाहू लागले होते, आणि त्यांनी मात्र त्यात समर्थनाचाच सूर ठेवला.

---

निशिगंधा_प

मध्यमाताई, तुमचा इतिहास बरोबर आहे, पण त्यातून निष्कर्ष फार मऊ निघतो आहे. अमेरिकी वार्ताहराने त्यांना कॅमेऱ्यासमोर विचारले होते की वेळ आली तर ओलिसांवर बंदूक रोखून त्यांना मारू शकाल का, आणि त्यांनी होकार दिला होता. वय एकोणीस होते हे मान्य. परंतु त्याच काळातली दुसरी एक घटना या चर्चेत यायला हवी. फर्रुखरू पारसा या इराणच्या पहिल्या स्त्री मंत्री. १९६८ साली त्यांच्याकडे शिक्षण खाते आले होते. मे १९८०मध्ये नव्या राजवटीने त्यांना मृत्युदंड दिला. त्या महिन्यात दूतावासातले ओलीस अजून कैदेतच होते आणि एब्तेकार क्रांतीची बाजू जगाला समजावून सांगत होत्या.

सतरा वर्षांनी एब्तेकारांच्या रूपाने स्त्रीला उपराष्ट्राध्यक्षपद मिळाले म्हणून टाळ्या वाजवताना, त्याच राजवटीने मंत्रिपदावर बसून गेलेल्या स्त्रीचे काय केले होते, हे विसरून कसे चालेल?

---

वकील_नाशिककर

दोन्ही बाजूंनी व्यक्तीकडे पाहिले जात आहे. थोडे पदाकडेही पाहावे असे सुचवतो, कारण या कारकिर्दीची किल्ली तिथे आहे.

इराणच्या घटनेनुसार मंत्र्याला मजलिसचे विश्वासमत लागते. उपराष्ट्राध्यक्षाला ते लागत नाही. राष्ट्राध्यक्षाने नेमायचे आणि त्यानेच काढायचे. पर्यावरण खाते मंत्रालय नाही, राष्ट्राध्यक्षांच्या अखत्यारीतली संघटना आहे. महिला व कुटुंब विभागाचेही तेच. त्यामुळे खातमी असोत वा रूहानी, स्त्रीला मंत्रिमंडळात बसवायचे पण मजलिसमधल्या पुराणमतवाद्यांशी आणि कोमच्या धर्मगुरूंशी भांडण ओढवून घ्यायचे नाही, असे जेव्हा ठरले तेव्हा उपराष्ट्राध्यक्षपद ही सोयीची वाट होती. रूहानींनी आठ वर्षांत एकही स्त्री मंत्री केली नाही.

आणि आता गंमत पाहा. क्रांतीनंतरची पहिली स्त्री मंत्री नेमली ती खातमी आणि रूहानी यांच्या मधल्या काळातले कट्टरपंथी राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद यांनी. २००९ साली त्यांनी तीन स्त्रियांची नावे मजलिसपुढे ठेवली, मजलिसने दोन फेटाळली आणि मरझिये वाहिद-दस्तजेर्दी यांना आरोग्य खात्यासाठी मान्यता दिली. औषधांच्या आयातीला परकीय चलन मिळत नाही अशी जाहीर तक्रार त्यांनी केल्यावर २०१२च्या अखेरीस अहमदीनेजादांनी त्यांना काढलेही. सुधारणावाद्यांना जे धाडस आठ अधिक आठ वर्षांत झाले नाही ते ज्यांनी त्यांना तुरुंगात टाकले त्यांच्या सरकाराने केले, हे सुधारणावाद्यांच्या हिशेबात नोंदवावेच लागते.

एब्तेकारांची राष्ट्रीय पातळीवरची तिन्ही पदे नेमणुकीची होती. मतदारांनी त्यांना निवडले ते फक्त तेहरानच्या नगरपरिषदेवर. स्वतःचा मतदारसंघ नसलेल्या राजकारण्याला नेमणाऱ्याच्या पुढे एक पाऊलही टाकता येत नाही.

---

त्र्यंबक_वाडीकर

वकीलसाहेब, मतदारसंघ असलेलेसुद्धा टाकत नाहीत, असा आमचा सर्वपक्षीय अनुभव आहे.

---

आडवाट

मी पर्यावरणाच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे पेट्रोलच्या प्रकरणाविषयी सविस्तर लिहितो. 'काय पडले पदरात' या प्रश्नाचे सर्वांत ठोस उत्तर मला तिथे दिसते.

२०१०मध्ये अमेरिकेने इराणला पेट्रोल विकणाऱ्या कंपन्यांवर निर्बंध आणले. कच्चे तेल भरपूर, पण शुद्धीकरणाची क्षमता अपुरी, अशी इराणची जुनी अडचण असल्याने पेट्रोल आयात करावे लागत असे. त्यावर अहमदीनेजाद सरकारने तोडगा काढला तो पेट्रोकेमिकल कारखान्यांत पेट्रोल बनवण्याचा. या पेट्रोलमध्ये बेंझीनसारख्या सुगंधी हायड्रोकार्बनांचे प्रमाण फार असते. तेहरान शहर उत्तरेला अल्बोर्झच्या रांगेला टेकलेले आहे. हिवाळ्यात थंड हवेचा थर खाली बसतो, वर उबदार थर झाकणासारखा राहतो आणि गाड्यांचा धूर शहरातच कोंडतो. शाळा आणि कचेऱ्या बंद ठेवण्याची वेळ वारंवार येऊ लागली. सरकारचे म्हणणे मात्र असे की निर्बंधांना आम्ही स्वावलंबनाने उत्तर दिले, आणि या स्वावलंबनावर शंका घेणारा देशद्रोही.

२०१३मध्ये पुन्हा पर्यावरण खात्यात आल्यावर एब्तेकारांनी हे पेट्रोल प्रदूषण करते असे जाहीरपणे सांगितले. तेलमंत्री झंगने यांचीही साथ होती. २०१४मध्ये पेट्रोकेमिकल कारखान्यांतले उत्पादन थांबवले गेले आणि तेहरानसह मोठ्या शहरांत युरो-४ दर्जाचे पेट्रोल देणे सुरू झाले. कट्टरपंथी वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर आयातदारांचे हित पाहिल्याचा आरोप केला आणि मजलिसमध्ये हा वाद पुढे बराच काळ चालला. तेहरानची हवा त्यानंतरही वाईटच राहिली, कारण जुन्या गाड्या, मोटारसायकली आणि डिझेलच्या बसगाड्या होत्याच. तरीही 'राष्ट्रीय अभिमान' असा शिक्का मारलेली वस्तू सरकारात बसून बंद पाडणे हे माझ्या मते किरकोळ काम नाही.

आटत गेलेल्या उर्मिया सरोवराबाबत इतके चांगले लिहिता येणार नाही. धरणे, विहिरी आणि शेतीचे पाणी हे विषय ज्या खात्यांच्या हाती होते त्यांच्यापुढे पर्यावरण खात्याचे वजन फारसे नव्हते. त्यांच्या पहिल्या आठ वर्षांतही धरणे बांधली जातच होती.

---

गवताळ

थोडे अवांतर, पण आपल्याशी जोडलेले आहे. आशियाई चित्ता आता फक्त इराणमध्ये उरला आहे. भारतातून तो नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने इराणमधला चित्ता संवर्धन प्रकल्प २००१मध्ये सुरू झाला, म्हणजे तो एब्तेकारांच्या पहिल्या कारकिर्दीतला. त्याच दशकात हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी क्लोनिंगसाठी इराणकडे चित्त्याच्या पेशी मागितल्या आणि इराणने नकार दिला. शेवटी २०२२मध्ये कुनोत आले ते आफ्रिकेतले चित्ते.

---

त्र्यंबक_वाडीकर

मजलिसचे विश्वासमत न लागता नेमणूक झालेले आणखी काही सदस्य, असे म्हणता येईल.

---

आडवाट

गवताळ, तुमचे अवांतर फारसे अवांतर नाही. जानेवारी २०१८च्या सुमारास याच चित्त्यांवर काम करणाऱ्या संशोधकांना हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. चित्त्यांसाठी लावलेले कॅमेरे हेरगिरीसाठी होते, असे क्रांतिरक्षक दलाचे (सरकारच्या नव्हे, सर्वोच्च धार्मिक नेत्याच्या हाताखालच्या सैन्याचे) म्हणणे होते. त्यांच्यापैकी काउस सय्यद-इमामी यांचा तेहरानच्या एव्हिन तुरुंगात मृत्यू झाला आणि शेवटचे चौघे एप्रिल २०२४मध्ये सुटले. तेव्हा पर्यावरण खाते एब्तेकारांकडे नव्हते, पण मंत्रिमंडळात त्या होत्या. हेरगिरीचा पुरावा नाही, असे सरकारच्याच चौकशी समितीने सांगितले होते. इराणमध्ये सरकार आणि राज्यसंस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ज्याला कळले नाही त्याने हे प्रकरण वाचावे. सरकारला पेट्रोल बदलता येते, पण सरकारच्याच प्रकल्पावर काम केलेल्या संशोधकांना तुरुंगातून सोडवता येत नाही.

---

रेवा_कोथरूड

२००५च्या सुमारास पुण्यात इराणी विद्यार्थी बरेच होते. पदव्युत्तर वर्गात माझ्याबरोबर एक तेहरानची मुलगी होती. अहमदीनेजाद निवडून आल्याची बातमी आली तेव्हा आम्ही तिचे सांत्वन करायला गेलो, तर ती खातमींवर चिडलेली होती. आठ वर्षे मते दिली, वर्तमानपत्रे बंद झाली, विद्यार्थ्यांना मारहाण झाली, आणि हे लोक हसतमुखाने भाषणे देत राहिले, असा तिचा राग होता. तिच्या घरातल्या कोणीही त्या वर्षी मतदान केले नव्हते. एब्तेकारांचे नाव मी कौतुकाने घेतले होते, कारण आदल्याच आठवड्यात त्यांच्याविषयी एक इंग्रजी लेख वाचला होता. तिने एवढेच विचारले की त्या लेखात त्यांच्या चादोरविषयी काही लिहिले आहे का. काळी चादोर, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचे वस्त्र, ही सरकारी पदावरच्या स्त्रीची निशाणी. त्याच काळात मजलिसमध्ये इलाहे कुलाई यांनी ती घ्यायला नकार देऊन नुसता मांतो (लांब अंगरखा) आणि डोक्याला रुमाल एवढ्यावर शपथ घेतली होती आणि शिव्या खाल्ल्या होत्या. माझ्या मैत्रिणीच्या लेखी सुधारणावादी त्या.

---

निशिगंधा_प

रेवा यांच्या प्रतिसादाने माझे काम सोपे केले. याच प्रवाहातल्या इतर स्त्रिया पाहिल्याखेरीज एब्तेकारांचे मोजमाप होत नाही.

फातेमे हकीकतजू २००० साली तेहरानमधून सहाव्या मजलिसवर निवडून आल्या. सभागृहात केलेल्या भाषणावरून त्यांच्यावर खटला झाला आणि शिक्षा झाली. त्या मजलिसमध्ये फक्त तेरा स्त्रिया होत्या, पण त्यांनी मुलींच्या लग्नाचे वय नऊवरून पंधरा करण्याचे विधेयक मंजूर करून घेतले. मजलिसचे कायदे धर्म आणि घटनेच्या कसोटीवर तपासणाऱ्या पालक परिषदेने ते अडवले आणि तडजोडीत २००२मध्ये तेरा ठरले. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील होण्याचा ठराव २००३मध्ये मंजूर झाला, तोही पालक परिषदेने फेटाळला. २००४च्या निवडणुकीपूर्वी सुमारे ऐंशी विद्यमान सदस्यांना अपात्र ठरवले गेले, तेव्हा सदस्यांनी सभागृहात ठिय्या दिला आणि शंभराहून अधिक जणांनी राजीनामे दिले. त्यांतला पहिला स्वीकारला गेला तो हकीकतजूंचा. पुढच्या वर्षी त्या देश सोडून अमेरिकेला गेल्या.

फैजे हाशमी तर राष्ट्राध्यक्ष रफसंजानींची मुलगी. त्यांनी 'झन' नावाचे स्त्रियांचे दैनिक काढले. त्यात एक व्यंगचित्र आले होते : दरोडेखोर नवरा-बायकोवर पिस्तूल रोखून उभा आहे आणि नवरा त्याला सांगतो आहे की हिला मार, हिची भरपाई स्वस्त पडेल. इराणी कायद्यात स्त्रीच्या जिवाची भरपाई पुरुषाच्या निम्मी असते, त्यावर हा टोमणा होता. त्या व्यंगचित्रावरून आणि माजी राणी फराह यांचा नवरोजचा संदेश छापल्यावरून १९९९मध्ये दैनिक बंद झाले. पुढे २०१२ साली फैजेंना सहा महिने एव्हिनमध्ये काढावे लागले आणि २०२२च्या आंदोलनात पुन्हा अटक होऊन पाच वर्षांची शिक्षा झाली.

मजलिस सदस्य परवाने सलाहशूरी यांनी डिसेंबर २०१९मध्ये मजलिसच्या व्यासपीठावरून, नोव्हेंबरमध्ये पेट्रोल दरवाढीविरुद्धच्या निदर्शकांवर झालेल्या गोळीबाराचा जाब विचारला आणि पुढची निवडणूक लढवली नाही. त्या वेळी एब्तेकार कुठे होत्या? त्याच सरकारात, त्याच पदावर.

---

कोरा_कागद

२०१९मध्ये स्त्रियांना फुटबॉलच्या मैदानात प्रवेश मिळाला, तो एब्तेकारांच्या खात्यामुळे का?

---

मध्यमा

तसे म्हणणे धाडसाचे होईल. त्या वर्षी मैदानात शिरल्याबद्दल खटला चाललेल्या एका तरुणीने स्वतःला जाळून घेतले आणि फिफाने दबाव वाढवला. १० ऑक्टोबर २०१९ रोजी आझादी मैदानात कंबोडियाविरुद्धच्या सामन्याला स्त्रियांसाठी वेगळा विभाग ठेवला गेला. इराणने तो सामना १४-० असा जिंकला. एब्तेकारांनी या मागणीला पाठिंबा दिला होता, पण दार उघडले ते झुरिकच्या, म्हणजे फिफाच्या, पत्रांमुळे.

त्यांच्या खात्याच्या नावावर जे निर्विवाद टाकता येईल ते नागरिकत्वाच्या कायद्याचे काम. इराणी पुरुषाने परदेशी स्त्रीशी लग्न केले तर मुले आपोआप इराणी होत. इराणी स्त्रीने परदेशी पुरुषाशी केले तर होत नसत. याचा फटका सर्वाधिक बसला तो अफगाण निर्वासितांशी लग्न केलेल्या गरीब स्त्रियांना, ज्यांची मुले इराणमध्येच जन्मून ओळखपत्राशिवाय वाढत होती. या प्रश्नाकडे मध्यमवर्गाचे लक्ष गेले ते २०१७ साली, गणितज्ञ मरियम मिर्झाखानी यांच्या मृत्यूनंतर, कारण त्यांच्या मुलीचे वडील इराणी नव्हते. रूहानी सरकारने विधेयक आणले, मे २०१९मध्ये ते मजलिसने मंजूर केले आणि ऑक्टोबरमध्ये पालक परिषदेने मान्यता दिली, मात्र सुरक्षा यंत्रणांच्या तपासणीची अट घालून. निशिगंधाताई, हकीकतजूंचा राजीनामा ऐतिहासिक आहे यात वाद नाही; परंतु अफगाण सीमेकडच्या झाहेदानमधल्या ज्या आईला मुलाचे नाव शाळेत घालायचे आहे तिला या कायद्याचा उपयोग आहे.

---

वकील_नाशिककर

मध्यमाताईंच्या यादीत उणे बाजूही हवी. स्त्रियांवरील हिंसेविरुद्धचे विधेयक वर्षानुवर्षे सरकार आणि न्यायव्यवस्था यांच्यात फिरत राहिले. मे २०२०मध्ये गीलान प्रांतात एका बापाने चौदा वर्षांच्या मुलीला झोपेत मारले आणि बाप असल्यामुळे कायद्याने त्याला मृत्युदंड होऊ शकत नव्हता. त्या संतापाच्या लाटेत मुलांच्या संरक्षणाचा कायदा मार्गी लागला. हिंसेविरुद्धचे विधेयक मात्र मंत्रिमंडळाने मंजूर केले ते जानेवारी २०२१मध्ये, म्हणजे रूहानी सरकारचे जेमतेम सात महिने उरले असताना. नंतर ते पुढच्या मजलिसच्या हाती लागले आणि रखडले. लग्नाचे वय पुन्हा वाढवण्याचे विधेयकही डिसेंबर २०१८मध्ये मजलिसच्या विधी समितीने गुंडाळले.

नेमणुकीच्या पदाची हीच मर्यादा मी वर सांगत होतो. प्रस्ताव तयार करता येतो, मंत्रिमंडळात भांडता येते, पण सभागृहात आपल्या बाजूने उभे राहणारे बळ दुसऱ्याने निवडून आणलेले असावे लागते. २०१६च्या मजलिसमध्ये सतरा स्त्रिया होत्या, धर्मगुरूंपेक्षा एक जास्त, म्हणून नागरिकत्वाचा कायदा होऊ शकला. आणि इस्फहानहून निवडून आलेल्या मीनू खालेगींना निकालानंतर अपात्र ठरवले नसते तर अठरा असत्या.

---

पश्चिमवारा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. चर्चा मोसादेघ यांच्याविना इतकी लांब जाईल असे वाटले नव्हते.

माझे मत आता असे झाले आहे. एब्तेकारांना सुधारणावादी म्हणावे, पण त्या गटाच्या प्रशासक शाखेतल्या. निशिगंधाताईंनी ज्यांची नावे घेतली त्यांनी राजवटीची हद्द कुठे आहे हे स्वतः आपटून दाखवले. एब्तेकारांना ती हद्द ठाऊक होती आणि त्यांनी आयुष्यभर तिच्या अलीकडे राहून काम केले. पेट्रोल आणि नागरिकत्व ही दोन कामे त्यांच्या खात्यावर मी जमा धरतो. नोव्हेंबर २०१९नंतर पदावर राहणे मात्र मला समजावून घेता येत नाही. सरकारात राहून काही स्त्रियांचे काम मार्गी लागते हा युक्तिवाद त्या आठवड्यानंतर फार दुबळा होतो, आणि त्यानंतर त्यांच्या हातून असे काही मोठे झालेही नाही. फेब्रुवारी २०२०मध्ये त्या पुन्हा जगाच्या बातम्यांत आल्या ते कोविड झाल्यामुळे.

---

निशिगंधा_प

'प्रशासक शाखा' मान्य. 'सुधारणावादी' हा शब्द अजून मान्य नाही.

---

वकील_नाशिककर

पुढचे दोन टप्पे नोंदवून ठेवतो. २०२१मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष रईसी यांनी महिला विभाग एन्सिये खजअली यांच्याकडे दिला. त्या पुराणमतवादी घराण्यातल्या. २०२४मध्ये पेझेश्कियान राष्ट्राध्यक्षपदी आल्यावर पर्यावरण खात्यावर शीना अन्सारी यांची नेमणूक झाली, म्हणजे एब्तेकारांची खुर्ची पुन्हा एका स्त्रीकडे गेली, तीही नेमणुकीनेच. परंतु त्याच ऑगस्टमध्ये फर्जाने सादेग यांना रस्ते व नगरविकास खात्यासाठी मजलिसचे विश्वासमत मिळाले. दस्तजेर्दींनंतर असे मत मिळवणाऱ्या त्या पहिल्या, आणि या वेळी नाव सुधारणावाद्यांचा पाठिंबा असलेल्या राष्ट्राध्यक्षाने पुढे केले होते.

---

कोरा_कागद

सादेग यांच्यावर कोणी वेगळा धागा काढणार असेल तर दुवा इथे द्यावा.